सायकलची खांदेमळणी

आदल्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये गानू साहेबांनी माझ्यापुढे लिंबांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "शालनबाई, उद्या तुम्ही टेम्पोत." आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर निघतो तसला मऊ आवाज. चहाचा पेला मी हातातच धरून ठेवला, खाली ठेवायला गेले असते तर आपटलाच असता. कंपनीच्या चाकण सायकल फेरीसाठी तीन आठवडे मी ह्या माणसाच्या शिट्टीवर मैदानाला चकरा मारल्या होत्या. पुढच्या सायकलपासून एक बैलगाडी मावेल एवढं अंतर, वळायच्या आधी हात, खड्डा दिसला तर मागच्याला ओरडून सांगायचं, ट्रकच्या डाव्या अंगाने घुसायचं नाही, सगळं पाठ. पोरं सरावाला दांड्या मारत होती, आली तरी हात सोडून चालवायच्या पैजा लावत होती. मी एक दिवस चुकवला नव्हता. आणि आता लिंबं. "सरबताला एक जबाबदार बाई पाहिजे," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, खरं काय ते बोला." त्यांनी चष्मा काढून पुसला. कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर, सरळ माणूस, खोटं बोलायची सवय नाही. "मला कालच कळलं," ते म्हणाले. "तुमचे मिस्टर त्याच रस्त्यावर गेले. मोशीच्या पुढं, नदीच्या चढाला. आणि सायकलही तीच. आधी कुणी बोललंच नाही मला. बाई, तुमच्या काळजीपोटीच सांगतोय."

काळजी. ह्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. किसन गेल्यावर पहिली काळजी घेऊन आला माझा भाऊ. माहेरी चल म्हणाला, इथं तुझं कोण आहे. त्याच्या बायकोला पाचवं पोर व्हायचं होतं आणि घरात धुण्याला हात नव्हता, हे मला ठाऊक होतं. मग भावकीतले मारुतराव आले, की तरण्याताठ्या विधवेनं कंपनीत जाणं घराण्याला शोभत नाही. मग पॅकिंगमधल्या बाया, की सायकल चालवून म्हणे पोटात गोळा येतो. जो तो काळजी आणतो, दाव्यासारखी गळ्यात अडकवतो आणि दुसरं टोक आपल्या मुठीत ठेवतो. शिव्या देणारी माणसं मला परवडतात. शिवीला उलटी शिवी देता येते. काळजी करणाऱ्याला काय द्यायचं? "बरं" म्हणायचं आणि खाली बसायचं. मी सहा वर्षांत कुणाला "बरं" म्हटलेलं नव्हतं. गानू साहेब तर खरोखर चांगले होते, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

"मी टेम्पोत बसले तर एक गाडी कमी होईल," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्या साली सलग दुसऱ्यांदा पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. नगरकडे जनावरांच्या छावण्या उघडल्या होत्या, आणि आमच्या कंपनीनं जाहीर केलं होतं की भोसरीहून निघून चाकणला जी सायकल पोचेल तिच्यामागे एक गाडी कडबा छावणीला जाईल. पोचेल ती सायकल. टेम्पोत चढवलेली नाही. साहेब म्हणाले, "तुमच्या वाटची गाडी मी माझ्या पगारातून देतो, मग तर झालं?" झालं नाही. उलट तिथंच माझं डोकं फिरलं. म्हणजे मी न करायचं आणि ते केल्याचं पुण्य त्यांनी माझ्या नावानं विकत घ्यायचं. मी म्हटलं, "तुमचा कडबा तुम्ही द्या साहेब, कुणी नको म्हटलंय? माझा मी माझ्या पायांनी देणार." आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघत होती. साहेबांनी चष्मा परत घातला, आणि चष्म्याबरोबर त्यांना नियम आठवला असावा. "ठीक आहे. निघायच्या आधी सगळ्यांच्याच ब्रेकची परीक्षा आहे. मैदानाच्या उतारावरून जोरात यायचं, चुन्याच्या पहिल्या रेघेला ब्रेक लावायचा आणि दुसरीच्या आत थांबायचं. थांबलात तर जा चाकणला. नाही थांबलात तर मुकाट टेम्पोत." मी लिंबांची पिशवी त्यांच्याकडे सरकवली आणि उरलेला चहा प्याले. तो गार झाला होता.

घरी येताना पिंपरीपासून भोसरीपर्यंत मी पायडल असं दाबत होते की जणू साहेबांचा तो मऊ आवाजच पायाखाली आहे. शिफ्ट सुटलेली, रस्ताभर सायकली. आमच्याकडे पुरुष घोळक्यानं सायकली चालवतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मागचा पुढच्याला रेटत, गप्पा मारत. मी त्यांच्यात कधी नसते. माझ्या खांद्यावर कोण हात टाकणार. मी एकटीच कडेनं जाते, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. गावातल्या पोरी आता पाचवारी नेसतात आणि नऊवारीला जुनाट म्हणतात, पण दांडीच्या पुरुषी सायकलवर टांग टाकून दाखवा म्हणावं पाचवारीत. चढ लागला की पुरुष आणखी एक गोष्ट करतात. एखादा ट्रक घरघरत हळू झाला की त्याच्या मागची लोंबती साखळी धरतात. मग पायडल मारावं लागत नाही. किसन म्हणायचा, साखळी धरली की चढ आपण चढत नाही, चढच मागं जातो. हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे की पगारवाढ झाल्यासारखं वाटावं. एकदा मी मागे कॅरियरवर होते तेव्हाही त्यानं साखळी धरली. मी त्याच्या पाठीला डोकं टेकलं, तोंडावर डिझेलचा धूर, आणि मला फार मजा आली. खोटं कशाला बोलू. पुढे सहा महिन्यांनी तो चाकणच्या बाजारातून कांद्याची पिशवी हँडलला लावून येत होता, नदीवरचा पूल ओलांडून मोशीच्या चढाला लागला, ट्रक दिसला, साखळी धरली. ट्रकपुढे म्हैस आली. ट्रक थांबला, किसन थांबला नाही. सायकल बाजूच्या चरात जाऊन पडली, तिची घंटासुद्धा चेपली नव्हती. कांदे मात्र रस्ताभर झाले होते असं सांगणाऱ्यानं मला दोनदा सांगितलं. लोकांना दुःख झालं, मलाही झालं, पण दुःखाच्या तळाशी माझा राग होता आणि तो अजून आहे. चढ होता. उतरून ढकलत आणायची होती सायकल. कोण हसलं असतं? आणि हसलं असतं तर हसलं असतं. रांडव होण्यापेक्षा मी हसं झालेल्याची बायको म्हणवून घेतलं असतं.

युनूसचं सायकलचं दुकान नाक्यावर, वडाच्या बुंध्याला टेकलेलं. सायकल शिकवली त्यानं मला. सकाळी दुकान उघडायच्या आधी, मागच्या मोकळ्या रानात, कॅरियर धरून पळत. त्याची बायको झुलेखा दारात उभी राहून बघायची, म्हणजे लोकांनी बोलू नये. तरी लोक बोललेच. तेव्हा झुलेखा म्हणाली होती, "बोलू दे. तू पाय चालव." युनूस तसा बढाईखोर माणूस. कुठलीही सायकल दुरुस्त केली की ती विमानासारखी झाली म्हणतो आणि दोन दिवसांनी चेन पडते. पण त्या संध्याकाळी त्यानं माझ्या ब्रेकचे चारही रबरी गुटके नवे घातले, मागच्या चाकाची आडवी झालेली रिम सरळ केली. "भाभी, आता ही अशी थांबेल की मागचा येऊन तुमच्यावर आदळेल." मी म्हटलं, "मागच्यानं अंतर ठेवायचं असतं." त्याच्या दुकानासमोरच्या उतारावर मी जोरात गेले आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी बसलं, धूळ पुढे गेली. परत वर गेले, परत आले. चार वेळा, पाच वेळा. चाकाचा तो कर्र आवाज मला इतका आवडला की अंगावर काटा आला. जगात माझं इतक्या लवकर ऐकणारं दुसरं कोण होतं? गानू साहेबांची रेघ मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि मी तिच्या आत होते, हातभर आत.

घरी सासू. गिरजाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. घरात आम्ही दोघीच, आणि त्यातली एक तीन आठवडे दुसरीशी बोलत नव्हती. मी चाकणच्या फेरीत जाणार म्हटलं त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरला होता. अबोला म्हणजे गप्प नव्हे. त्या चुलीशी बोलायच्या. "चुलीबाई, ज्यांस्नी मरायची हौस हाय त्यांना भाकरी किती थापायच्या, इचार." मी चुलीला उत्तर द्यायची, की दोन. भाकरी दोनच यायच्या, पण करपलेली एकही नसायची. पूर्वी त्या अशा नव्हत्या. आमचं रान कंपन्यांसाठी सरकारनं घेतलं, त्याच्या आधी त्यांचा आवाज बांधाच्या पलीकडे जायचा. मी नवी सून होते तेव्हा त्या पहाटे चांद्या आणि हौशा ह्या बैलांना उठवायच्या, आणि बैलांशी जितकं बोलायच्या तितकं आमच्या कुणाशी नाही. रानात आता कुंपण आहे, आत पत्र्याच्या शेड, तिथं दिवसरात्र लोखंड कापतात. रान गेलं तसे बैल विकले. मोबदला मिळाला, त्यातूनच किसनची सायकल आली. म्हणजे बैल गेले आणि गोठ्यात सायकल उभी राहिली, हे आत्याबाई कधी विसरल्या नाहीत. किसननंतर त्यांनी ती सायकल गव्हाणीला दोरखंडानं बांधून ठेवली. अपशकुनी आहे, विकून टाका असं लोक म्हणत होते, त्यांनी विकली नाही आणि कुणाला हातही लावू दिला नाही. दोन वर्षांनी मी विळ्यानं दोरखंड कापला. त्या उंबऱ्यात बसून बघत होत्या. तेव्हापासून मी कामावरून येईपर्यंत त्या उंबऱ्यातच बसलेल्या असतात. विचारलं तर म्हणतात, वाऱ्याला बसलेय.

त्या संध्याकाळी गावात हलगी वाजत होती. दुसऱ्या दिवशी पोळा. आमच्याकडे तो भाद्रपदात येतो. दुष्काळ, त्यात गावात बैल उरले होते बोटांवर मोजण्याएवढे, पण हलगी वाजतेच. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून त्यांच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, ते तूप आणि हळदीनं मळतात, मऊ करतात, आणि कानात सांगतात की उद्या जेवायला या. गानू साहेबांनी पोळा बघून दिवस ठरवला नव्हता, त्यांनी कंपनीची सुट्टी बघितली होती. आत्याबाई चुलीला म्हणाल्या, "पोळ्याच्या दिशी बैलास्नी कुनी जुपतं का? ह्ये लोक जुपत्यात." मी चुलीला म्हटलं, सायकल बैल नाही. मग मी जेवले आणि लवकर आडवी झाले. पुरेशी झोप हाही साहेबांचा नियम. झोप काही नीट लागेना. अंग जड आणि डोकं जागं. गोठ्याकडून कसलासा आवाज येत होता, ओल्या तळव्यानं कातडं चोळल्यासारखा, हळू, लयीत. त्याच्याबरोबर तुपाचा वास. मला वाटलं, जुन्या दिवसांचं मनात चाललंय. मला चांद्याचा खांदा आठवला, नवी नवरी असताना आत्याबाईंनी माझा हात धरून त्याच्यावर ठेवला होता. मी घाबरले होते आणि त्या म्हणाल्या होत्या, "दाब. त्याला बरं वाटतंय." तो खांदा हाताखाली थरथरला होता. त्या आठवणीत मी कधी झोपले ते कळलं नाही.

उजाडताना उठून गोठ्यात गेले तर सायकल पिवळी. हँडल, दांडी, सीट, चिमटा, सगळीकडे हळदीच्या बोटांचे पट्टे. हँडलच्या दोन्ही टोकांना चांद्या-हौशाच्या शिंगांचे जुने गोंडे बांधलेले. बाजूला आत्याबाई उभ्या, हात हळदीनं माखलेले, नजर माझ्याकडे नाही, सायकलकडे. तीन आठवडे चुलीशी बोलणारी बाई. मी रडणारी नाही, आणि तेव्हाही रडले नाही. त्याच बोलल्या, माझ्याशी, सरळ. "येशीपतूर तरी बसू नगं तिच्यावर. पोळा हाय. म्या चालवीत आनते." आणि त्यांनी हँडल धरलं आणि बैलाला कासऱ्यानं न्यावं तशी सायकल पुढे घालून चालायला लागल्या. मी मागून. लोक दारात येऊन बघत होते. कुणीतरी हसलं. मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही, उलट मान अशी वर झाली की काय सांगू. वेशीशी थांबतील म्हटलं तर थांबल्या नाहीत, थेट मैदानापर्यंत आल्या.

मैदानात पन्नासएक सायकली, टेम्पो, माठ, गळ्यात शिट्टी घातलेले गानू साहेब. उतारावर पांढऱ्या दोन रेघा. पोरं एकेक करून वरून येत होती, थांबत होती, टाळ्या पडत होत्या. माझी पाळी आली. आत्याबाईंनी हँडल माझ्या हातात दिलं. मी वर गेले, टांग टाकली, सायकल सोडली. गोंडे उडाले. पहिली रेघ आली, दोन्ही ब्रेक आवळले, आणि काही झालं नाही. बोटांना ते आधी कळलं, मला नंतर. कर्र आवाज नाही, धक्का नाही, चाकं आपली गुळगुळीत, शांतपणे फिरतच राहिली. मी आणखी जोरात दाबलं. दुसरी रेघ पायाखालून गेली. समोर टेम्पो. मी दोन्ही पाय खाली टाकले, चपला घासत गेल्या, एक तुटली, आणि टेम्पोच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर मी उभी राहिले. कुणी टाळी वाजवली नाही.

साहेब आले. त्यांनी वाकून रिमवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. पिवळं, चकचकीत. नाकाशी नेलं. "हे काय आहे? तूप?" रिमला तूप, गुटक्यांना तूप. जिथं जिथं घट्टा असेल असं वाटलं तिथं तिथं त्या हातानं जीव लावून चोळलं होतं. चाकाला जिथं रबर घासतं ती जागा तर घट्ट्यासारखीच दिसते. मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, फोडणी द्यायची राहिली," आणि सगळे हसले. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांना ब्रेक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण मी थांबले नाही आणि तुपामुळे थांबले नाही एवढं त्यांना आत्ता समजलं होतं. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. मुलगा त्या रस्त्यानं गेला आणि आता सुनेच्या चाकाला स्वतःच्या हातानं. त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही. "कुणी लावलं हे?" साहेबांनी विचारलं. "मी," मी म्हटलं. "तुम्ही? तीन आठवडे सराव करून?" "हो, मीच. पोळा आहे ना." परत हसणं. माझे तीन आठवडे, माझं अंतर, माझा हात, माझे नवे गुटके, सगळं त्या हसण्यात गेलं. उद्यापासून कंपनीत मी तूपवाली बाई होणार होते. कान तापले होते. पण हसणं माझ्यावर होतं, त्यांच्यावर नव्हतं, आणि तेवढं मला पुरे होतं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, आता तरी ऐका. बसा टेम्पोत." मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि घंटा वाजवत पन्नास सायकली नाशिक रस्त्याला लागल्या. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते.

मग मी मैदानाच्या कडेच्या चहावाल्याकडे गेले आणि त्याच्या भट्टीतली राख मागितली. पाटीभर दिली त्यानं. सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीला टेकवलं, आणि राखेनं रिम घासायला बसले. रोज भांडी घासते, तूप कसं निघतं हे मला कुणी शिकवायला नको. राख, वरून कोरडी माती, परत राख. गुटके खापरीनं खरवडले, काळं रबर दिसेपर्यंत. थोड्या वेळानं समोर कुणीतरी उकिडवं बसलं. आत्याबाई दुसऱ्या चाकाला भिडल्या होत्या. घासता घासता बोलत होत्या, माझ्याशी की चाकाशी कोण जाणे. "म्या जीव लावाया गेले आन् तुजाच जीव घेत हुते." मी म्हटलं, "गेला न्हाई ना. घासा." "तू का म्हनलीस, म्या लावलं म्हून?" मी म्हटलं, "त्या पोरांनी तुम्हाला हसलेलं मला चाललं नसतं." मग पदराचं टोक ओलं करून त्यांनी रिम पुसली, कोरड्यानं परत पुसली आणि बोट फिरवून बघितलं, साहेबांनी बघितलं तसं. बोट स्वच्छ होतं. माझा हात त्यांच्या हातावर पडला आणि तसाच राहिला. किसन गेल्यापासून आम्ही एकमेकींना शिवलो नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांचा हात राखेनं खरखरीत झाला होता आणि ऊन होता.

टेम्पो अजून निघायचा होता, माठ चढवून व्हायचे होते. साहेब दारात एक पाय ठेवून घड्याळ बघत होते. मी त्यांना हाक मारली नाही. सायकल घेऊन उतारावर गेले. गोंडे सोडून आत्याबाईंच्या हातात दिले होते, चाकात अडकायला नकोत. एक पाय अनवाणी. सोडली सायकल, पाय मारून आणखी वेग घेतला, मघापेक्षा जास्त, आणि पहिल्या रेघेला ब्रेक आवळले. कर्र. छाती हँडलवर आदळली, मागचं चाक वीतभर उचललं गेलं आणि खाली बसलं. दुसरी रेघ माझ्यापुढे होती. साहेब बघत होते. मी म्हटलं, "साहेब, रेघ बघा." त्यांनी बघितली. मग ते उतरून आले आणि म्हणाले, "झालं, मान्य. पण बाई, सगळे पुढे गेले. ताफ्याबरोबर असता तर गोष्ट वेगळी. एकट्या बाईला त्या रस्त्यावर, त्या चढावर सोडायची जबाबदारी मी कशी घेऊ? माझी काळजी समजून घ्या." काल रेघ होती, आज रेघेपलीकडे आणखी एक रेघ. ही माणसं चुना कधी संपू देणार नाहीत. मला इतका राग आला की मी उभ्या सायकलचे ब्रेक आवळून धरले.

तेव्हा आत्याबाई पुढे आल्या. राखेचे हात तसेच. "सायब, तूप म्या लावलं हुतं. ही खोटं बोलली." साहेब म्हणाले, "आजी, असू द्या." "असू द्या कसं? त्या चढावर गेला त्यो माजा ल्योक. तुमचा कुनी न्हाई. काळजी तुमी कालपास्नं करताय, म्या सा वर्सं केली. हिला वाटतं म्या वाऱ्याला बसते उंबऱ्यात." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "काय झालं माज्या काळजीनं? ब्रेकाला तूप लागलं. मेली असती पोरगी. हिनं राख घेतली आन् चाक थांबिवलं, तुमी बघितलं का न्हाई?" "बघितलं," साहेब म्हणाले. "मग सोडा वाट. जिला थांबता येतंय तिला जाऊ द्यावं." साहेबांनी टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली. मग ते बाजूला झाले. म्हणाले, "टेम्पो मागून येईल, लांबून." मी म्हटलं, "येऊ द्या. हॉर्न तेवढा वाजवू नका."

आत्याबाईंनी आपल्या पायातली चप्पल काढून माझ्या अनवाणी पायापुढे सरकवली. मोठी होती, अंगठ्यानं घट्ट धरली. मी टांग टाकली, डावीकडून रस्त्याला लागले, हात दाखवून, मागून काही येत नाही ना ते बघून, सगळं शिकवल्याप्रमाणे. रस्ता रिकामा होता आणि ऊन समोरून येत होतं. ह्या रस्त्याची मला भीती नव्हती असं मी कधीच म्हटलं नव्हतं. भीती होतीच, पायडलबरोबर वर-खाली होत होती, पण ती माझी होती आणि तिला कुठवर न्यायचं ते मी ठरवणार होते. मागून आत्याबाई ओरडून काहीतरी सांगत होत्या. आवाज बांधाच्या पलीकडे जायचा तसा, मोठा, मोकळा. काय म्हणत होत्या ते वाऱ्यात कळेना. त्या हसत असतील की रडत असतील, हे एकदा वळून बघावं असं मला फार वाटलं, इतकं की मान दुखायला लागली. पण चालत्या सायकलवर मागे बघायचं नसतं, तोल जातो. मी बघितलं नाही.